टिश्यूमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजताना: बडोद्याच्या लॅबमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात जीवरसायन, प्राणिशास्त्र किंवा फार्मसीत एमएस्सी-पीएचडी करणाऱ्या मराठी मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न चहाच्या टपरीवर येतात, काही रात्री नऊ वाजता फोनवर, सेंट्रिफ्यूजच्या आवाजात. उत्तरं उंदीर-घुशींच्या अवयवांना धरून लिहिली आहेत, पण माशांच्या किंवा माणसाच्या बायोप्सीच्या टिश्यूलाही बरीचशी लागू पडतील.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडली, ती ऑक्सिडंट आणि अँटिऑक्सिडंट यांचा तोल ऑक्सिडंटकडे झुकण्याबद्दल होती. हा झुकाव थेट दाखवणारं कुठलंही यंत्र नाही. सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल इतके अल्पजीवी असतात, की टिश्यू हातात येईपर्यंत त्यांचा मागमूस राहत नाही. म्हणून आपण त्यांनी मागे सोडलेल्या खुणा मोजतो. चरबीचं नुकसान झालं का, ते एमडीएवरून (मॅलॉनडायआल्डिहाइड) कळतं. प्रथिनांचं कार्बोनिलवरून, डीएनएचं ८-ओएचडीजीवरून (ऑक्सिडाइज झालेलं ग्वानिन). दुसऱ्या बाजूला बचावाची फळी असते: एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज), कॅटलेज आणि जीपीएक्स (ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज) ही एन्झाइम्स. आणि या दोन्हींच्या मधे ग्लुटाथायोन (जीएसएच), जो स्वतः खर्ची पडतो आणि पुन्हा भरून निघतो.

सिनॉप्सिसमध्ये किती मार्कर लिहावेत?

एमडीए, जीएसएच, एसओडी आणि कॅटलेज ही चौकडी आपल्याकडच्या बहुतेक थीसिसमध्ये असतेच. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पाचवा मार्कर घ्यायची ऐपत असेल, तर आणखी एक एन्झाइम घेण्यापेक्षा प्रोटीन कार्बोनिल घ्या. नुकसानीचा पुरावा म्हणून एकट्या एमडीएवर विसंबणं धोक्याचं आहे. का ते पुढे येईलच. व्हायवाला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मंजुरी कुणाची लागते?

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची, आणि ती समिती व प्राणिगृह सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे, नोंदलेलं हवं. पूर्वी हिलाच सीपीसीएसईए म्हणत. मंजुरी आधी, प्रयोग नंतर. कसायाकडून आणलेल्या टिश्यूवर फक्त हात बसवायचा असेल तरी गाईडच्या कानावर घालून ठेवा.

टिश्यू काढल्यावर किती वेळात गोठवावी?

मिनिटं मोजायला लागण्याआधीच. रक्तपुरवठा थांबला की पेशीतला ग्लुटाथायोन घसरू लागतो आणि चरबीचं ऑक्सिडेशन सुरू होतं. ते बाहेरच्या हवेत, फोडलेल्या पेशीत आणि हिमोग्लोबिनच्या लोहाच्या संगतीत तर आणखीच जोरात चालतं. म्हणजे तुम्ही जे मोजणार आहात, तेच टेबलावर तयार होत असतं.

व्यवहारात असं करा. ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यांवर प्राण्याचा क्रमांक आणि अवयवाचं नाव आदल्या दिवशीच लिहून ठेवा. एक माणूस कापेल, दुसरा धुऊन, टिपून, फॉइलमध्ये गुंडाळून द्रव नायट्रोजनमध्ये टाकेल. एकट्याने हे काम करू नये. द्रव नायट्रोजन नसेल तर बर्फाच्या लगद्यात ठेवून त्याच तासात होमोजिनेट करा, म्हणजे द्रावणात वाटून एकजीव करा. लगदा म्हणजे बर्फाचा चुरा अधिक थोडं पाणी. नुसत्या खड्यांच्या बर्फात व्हायलला सगळीकडून गारवा लागत नाही.

प्रत्येक गटाचा क्रम आलटून पालटून घ्या. सकाळी सगळे कंट्रोल (ट्रीटमेंट न दिलेले) आणि दुपारी सगळे ट्रीटेड कापले, तर यकृताच्या ग्लुटाथायोनचा दिवसभरातला चढउतारच तुमचा 'परिणाम' होऊन बसेल. रात्रभर उपाशी ठेवायचं असेल तर सगळ्यांना सारखंच ठेवा. उपवासानेही यकृतातला ग्लुटाथायोन बराच खाली येतो.

परफ्यूजन (सलाइन सोडून अवयवातलं रक्त धुऊन काढणं) खरंच करायला हवं का? त्यात फार वेळ जातो.

यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांच्यासाठी करा. लाल पेशींमध्ये कॅटलेज आणि एसओडी ठासून भरलेले असतात, शिवाय हिमोग्लोबिन एमडीएच्या वाचनात ढवळाढवळ करतं. टिश्यूत राहिलेलं रक्त म्हणजे टिश्यूच्या नावावर खपवलेला रक्ताचा आकडा. हृदयातून थंड ०.९ टक्के सलाइन सोडा आणि यकृत फिकट पिवळसर तपकिरी होईपर्यंत थांबा. एखादा लोब लालच राहिला तर तो वापरू नका, दुसरा घ्या आणि सगळ्या प्राण्यांत तोच लोब घ्या. परफ्यूजन जमलंच नाही, तर निदान बारीक तुकडे करून थंड ०.१५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि थीसिसमध्ये तसं लिहा.

प्रयोगाचे प्राणी वाया न घालवता हात कसा बसवायचा?

बकऱ्याची कलेजी आणा. सकाळी लवकर मटणवाल्याकडे बर्फाचा डबा घेऊन जा, पाच-दहा ग्रॅमचा तुकडा मागा. तो विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. होमोजिनायझर किती वेळा फिरवायचा, कॅटलेजसाठी किती डायल्यूशन लागतं, प्रोटीन किती निघतं, हे सगळं त्यावर शिकून घेता येतं. एकाच होमोजिनेटच्या सहा नळ्या लावा. त्यांतले आकडे आपसांत पाच-सात टक्क्यांच्या आत यायला लागले, की प्राण्यांकडे वळा. कलेजीतल्या ग्लुटाथायोनचा आकडा मात्र गंभीरपणे घेऊ नका. दुकानात टांगलेल्या अवस्थेत त्याचं बरंच काही झालेलं असतं.

होमोजिनेट कशात करायचं?

एकाच बफरमध्ये सगळं होईल अशी आशा सोडा. टिश्यू गोठलेली असतानाच तीन-चार तुकडे करून वजन करून ठेवा, म्हणजे प्रत्येक तपासणीला तिचं तिचं माध्यम देता येतं.

एमडीएसाठी १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइड, त्यात बीएचटी (चरबीचं ऑक्सिडेशन रोखणारं रसायन). ग्लुटाथायोनसाठी थेट ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे प्रथिनंही तळाशी बसून वेगळी होतात आणि ग्लुटाथायोन खाणारी एन्झाइम्सही थंडावतात. एन्झाइम्ससाठी पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर, त्यात १ मिलिमोलर ईडीटीए. कॅटलेजच्या वाट्यात थोडा ट्रायटन एक्स-१०० घाला, कारण कॅटलेज पेरॉक्सिसोमच्या आत बसलेलं असतं. ती पिशवी फुटली नाही तर एन्झाइम असूनही दिसत नाही.

प्रमाण बहुतेकदा १० टक्के, म्हणजे १ ग्रॅम टिश्यूला एकूण १० मिलिलिटर. काच-टेफ्लॉनचा पॉटर होमोजिनायझर बर्फात धरून चालवा. मधेमधे थांबा, घर्षणाने नळी गरम होते.

सुक्रोजचा बफर माइटोकॉन्ड्रिया वेगळे काढायला उत्तम असतो. एमडीएसाठी तो नको. साखर टीबीएशी, म्हणजे एमडीए मोजायच्या थायोबार्बिट्युरिक ॲसिडशी, रंग देते.

पेपरमध्ये '१०,००० जी' लिहिलंय, आमचं सेंट्रिफ्यूज फक्त आरपीएम दाखवतं.

जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ. रोटरच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. जी = ०.००००१११८ × अंतर × आरपीएमचा वर्ग. अंतर ८ सेंटिमीटर असेल तर १०,००० आरपीएमला साधारण ८,९४० जी मिळतं. थीसिसमध्ये जी लिहा. नुसता आरपीएमचा आकडा दुसऱ्या लॅबला काहीच सांगत नाही.

एमडीएची पद्धत एकदा नीट सांगाल का?

ओहकावा आणि सहकाऱ्यांची १९७९ ची पद्धत बहुतेक सगळे वापरतात. ०.२ मिलिलिटर होमोजिनेट घ्या. त्यात ८.१ टक्के एसडीएस ०.२ मिलिलिटर, पीएच ३.५ चं २० टक्के ॲसिटिक ॲसिड १.५ मिलिलिटर, ०.८ टक्के थायोबार्बिट्युरिक ॲसिड १.५ मिलिलिटर. पाण्याने ४ मिलिलिटर करा. ९५ अंशांवर तासभर. थंड करून १ मिलिलिटर पाणी आणि ५ मिलिलिटर ब्यूटेनॉल-पिरिडिन, प्रमाण १५:१. जोरात हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा गुलाबी थर ५३२ नॅनोमीटरला वाचा. पिरिडिनचा वास फ्यूम हूडबाहेर आला, तर शेजारची लॅब तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाही.

खरी अडचण त्या एका तासात आहे. ९५ अंशांवर, आम्लात, लोहाच्या अंशासोबत टिश्यूची चरबी उकळली की नवीन एमडीए नळीतच तयार होतो. म्हणून टीबीएच्या द्रावणातही बीएचटी घाला आणि पाणी लोहमुक्त वापरा. धातूच्या जुन्या डिस्टिलेशन भांड्यातलं पाणी या कामाला नको.

स्टँडर्ड म्हणून टेट्रामेथॉक्सीप्रोपेन वापरा. ते आम्लात फुटून एमडीए देतं. ते नमुन्यांसोबत त्याच बाथमध्ये उकळायचं, वेगळ्या दिवशी नाही.

हिशेबाचं उदाहरण घेऊ. ब्लँक (होमोजिनेट न घातलेली नळी) वजा करून वाचन ०.१५६ आलं. मोलर गुणांक (एक मोलर द्रावणाचं १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमधलं वाचन) १,५६,०००, म्हणजे ब्यूटेनॉलच्या थरात १ नॅनोमोल प्रति मिलिलिटर. थर ५ मिलिलिटर, तेव्हा ५ नॅनोमोल. ते आले ०.२ मिलिलिटर होमोजिनेटमधून, म्हणजे ०.०२ ग्रॅम टिश्यूतून. झाले २५० नॅनोमोल प्रति ग्रॅम. होमोजिनेटमध्ये प्रोटीन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर १.२५ नॅनोमोल प्रति मिलिग्रॅम प्रोटीन. तुमचा आकडा याच्या शंभरपट आला, तर आधी डायल्यूशनचा गुणाकार दोनदा झालाय का ते बघा.

माझ्या नळ्या गुलाबीऐवजी पिवळट-नारिंगी येतात.

साखर, सियालिक ॲसिड, बिलिरुबिन किंवा इतर आल्डिहाइड्स टीबीएला चिकटले आहेत. ४०० ते ६०० नॅनोमीटरचं पूर्ण स्कॅन घ्या. ५३२ ला टोकदार शिखर हवं. ते नसून डावीकडून उतरत आलेला डोंगर दिसत असेल, तर ५३२ चं वाचन हे त्या डोंगराची उतरंड आहे, एमडीए नव्हे. अशा वेळी एचपीएलसीवर एमडीए-टीबीएचं संयुग वेगळं करून वाचणं हा खात्रीचा मार्ग. मधुमेहाच्या मॉडेलवर काम करणाऱ्यांनी तर हे स्कॅन कधीच टाळू नये.

याच कारणासाठी साध्या पद्धतीचा आकडा 'टीबार्स' (टीबीएशी रंग देणारे सगळे पदार्थ) म्हणून लिहावा, 'एमडीए' म्हणून नाही. चरबीच्या नुकसानीची सगळ्यात भरवशाची मोजणी एफ२-आयसोप्रोस्टेन्सची, मास स्पेक्ट्रोमेट्रीवर. ते यंत्र आवाक्यात असेल तर जरूर करा.

जीएसएच आणि 'टोटल थायॉल' एकच का?

नाही. एलमनच्या १९५९ च्या अभिकर्मकाला, डीटीएनबीला, कुठलाही मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजनचा) गट चालतो. आम्लाने प्रथिनं बसवली की उरतात बिनप्रथिन थायॉल. त्यांत ग्लुटाथायोन बहुसंख्य असतो म्हणून आपण त्याला जीएसएच म्हणतो. ४१२ नॅनोमीटर, गुणांक १४,१५०.

इथे फसवणारी गोष्ट पीएचची. आम्लातला सुपरनेटंट (सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेलं निवळ द्रावण) सौम्य बफरमध्ये टाकला, की मिश्रण आम्लधर्मीच राहतं आणि रंग येतच नाही. मग मुलं म्हणतात, ट्रीटमेंटने ग्लुटाथायोन संपला. फॉस्फेट बफर पीएच ८.० चा आणि ०.२ ते ०.३ मोलर ठेवा. एकदा मिश्रणावर पीएच पट्टी लावून बघा. वाचन पाच-दहा मिनिटांत घ्या, आणि डीटीएनबी घातलेलं ब्लँकही स्वतःहून पिवळं होत जातं हे लक्षात ठेवा.

मग जीएसएसजी (ऑक्सिडाइज झालेला ग्लुटाथायोन) आणि दोघांचं गुणोत्तर?

गुणोत्तर हा फार बोलका मार्कर आहे आणि फार फसवाही. निरोगी यकृतात शंभर जीएसएच रेणूंमागे जीएसएसजी एखादाच असतो असं धरा. तुमच्या हाताळणीत शंभरातले फक्त दोन जीएसएच हवेने ऑक्सिडाइज झाले, तर त्यांचा एक जीएसएसजी बनतो, आणि जीएसएसजी दुप्पट होतो. जीएसएचच्या आकड्यात ही दोन टक्क्यांची घट कुणाला दिसतही नाही. गुणोत्तर मात्र अर्ध्यावर.

उपाय म्हणजे होमोजिनेट करतानाच जीएसएच बांधून टाकणे. एनईएम (एन-एथिलमॅलिमाइड) झटकन बांधतं, पण टिएत्झेच्या १९६९ च्या रिसायकलिंग पद्धतीतल्या ग्लुटाथायोन रिडक्टेजलाच ते मारतं, तेव्हा आधी काढून टाकावं लागतं. ग्रिफिथ यांनी १९८० मध्ये सुचवलेलं २-व्हिनाइलपिरिडिन रिडक्टेजला फारसं त्रास देत नाही, पण त्याला तासभर लागतो आणि वासाने डोकं दुखतं. साठवलेल्या जुन्या होमोजिनेटवर गुणोत्तर काढू नका. कुणी आग्रह केला तरी.

एसओडीसाठी पायरोगॅलॉल, एपिनेफ्रिन की एनबीटी?

तिन्ही अप्रत्यक्ष पद्धती आहेत. कुठलीतरी प्रक्रिया सुपरऑक्साइडवर चालते, एसओडीने ती किती मंदावली ते आपण बघतो, आणि ५० टक्के मंदावणं म्हणजे एक युनिट. पायरोगॅलॉलची मार्कलंड पद्धत १९७४ ची, ४२० नॅनोमीटर. एपिनेफ्रिनची मिश्रा-फ्रिडोविच १९७२ ची. कक्कर, दास आणि विश्वनाथन यांची १९८४ ची एनबीटी-पीएमएस (नायट्रोब्लू टेट्राझोलियम आणि फेनाझिन मेथोसल्फेट) पद्धत, ५६० नॅनोमीटर, भारतात खूप वापरली जाते. एका पद्धतीच्या युनिटची दुसऱ्या पद्धतीच्या युनिटशी तुलना करता येत नाही. पुण्याच्या एखाद्या पेपरात ८ युनिट आणि तुमच्याकडे ४५, यात कुणाचं चुकलेलं असेलच असं नाही.

साध्या लॅबला पायरोगॅलॉल परवडतं, पण तापमान सांभाळा. बडोद्याच्या मे महिन्यात हे फक्त म्हणायला सोपं. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने घसरतो. एसीच्या खोलीत २५ अंशांवर पीएच ८.२ लावला आणि ३८ अंशांच्या खोलीत वापरला, तर तो ७.८४ च्या आसपास आलेला असतो. पायरोगॅलॉलचं ऑक्सिडेशन पीएच आणि तापमान दोन्हीवर नाचतं. तेव्हा पीएच ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला लावा, आणि दर आठ-दहा नमुन्यांनंतर एक कंट्रोल नळी, म्हणजे एन्झाइमशिवायची, पुन्हा वाचा. मिनिटाला साधारण ०.०२ चा चढ हवा. दुपारी तो ०.०३ झाला असेल, तर सकाळचा कंट्रोल दुपारच्या नमुन्यांना लावू नका.

पायरोगॅलॉलचं द्रावण १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, रोज ताजं. तपकिरी झालं की टाकून द्या.

माइटोकॉन्ड्रियाचा एसओडी वेगळा कसा काढतात?

सायनाइडने कॉपर-झिंक एसओडी बंद पडतो, मँगनीजचा चालू राहतो. उरलेली क्रिया मँगनीज एसओडीची, म्हणजे माइटोकॉन्ड्रियातल्या एसओडीची. पोटॅशियम सायनाइड एकट्याने, आम्लाच्या जवळपास, किंवा गाईडला न सांगता हाताळायचं नाही. हा नियम आमच्याकडे कपाटावर चिकटवलेला आहे.

कॅटलेजचे आकडे दर वेळी वेगळे येतात.

बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड मुरलेलं आहे. बाटलीवर ३० टक्के लिहिलेलं असतं, आत काय उरलंय ते बाटली कधी उघडली त्यावर ठरतं. एबीच्या १९८४ च्या पद्धतीत पेरॉक्साइड १० मिलिमोलर असतं आणि गुणांक ४३.६. म्हणजे एन्झाइम घालण्याआधी २४० नॅनोमीटरला वाचन ०.४३ च्या आसपास हवं. रोज सकाळी हे वाचन घ्या, वहीत लिहा, ०.३ आलं तर नवीन द्रावण करा. क्युव्हेट क्वार्ट्झचंच. काच आणि साधं प्लास्टिक २४० ला अपारदर्शक असतं.

उतार फक्त पहिल्या ३० सेकंदांचा मोजा. क्युव्हेटमध्ये बुडबुडे दिसले तर यकृत आणखी पातळ करा, शेकडो पट लागू शकतं. मेंदूत मात्र कॅटलेज इतकं कमी, की तिथे उलटी अडचण.

क्वार्ट्झ क्युव्हेट नसेल तर सिन्हा यांची १९७२ ची डायक्रोमेट-ॲसिटिक ॲसिडची पद्धत आहे, दृश्य प्रकाशात वाचता येते. डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, ते बेसिनमध्ये ओतायचं नाही.

जीपीएक्स?

पॅग्लिया-व्हॅलेंटाइन, १९६७. ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच घटताना बघायचं, गुणांक ६,२२०. यकृतात सोडियम अझाइड घालायलाच हवं, नाहीतर कॅटलेज पेरॉक्साइड आधीच फस्त करतं.

प्रोटीन कार्बोनिल कठीण असतं का?

कठीण नाही, कंटाळवाणं आहे. लेव्हिन यांची १९९० ची डीएनपीएच (डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन) पद्धत. प्रथिनं १० मिलिमोलर डीएनपीएचमध्ये, २ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडसह, अंधारात तासभर. मग टीसीएने (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड) बसवून गोळा इथेनॉल-एथिल ॲसिटेटने तीन-चार वेळा धुवायचा. शेवटच्या धुण्याचं पाणी रंगहीन येईपर्यंत. इथे घाई केली की अडकलेला डीएनपीएचच कार्बोनिल म्हणून मोजला जातो. मग ६ मोलर ग्वानिडिनमध्ये विरघळवा, ३७० नॅनोमीटर, गुणांक २२,०००. धुताना प्रथिन निसटतं, म्हणून प्रोटीन शेवटच्या द्रावणातच मोजायचं, सुरुवातीच्या नाही. डीएनएही डीएनपीएचशी गडबड करतं. होमोजिनेटमध्ये २८०/२६० चं गुणोत्तर १ च्या खाली असेल, तर आधी स्ट्रेप्टोमायसिन सल्फेटने न्यूक्लिक ॲसिडं बसवा.

८-ओएचडीजीचं एलायझा किट घेऊ का?

पैसे असतील आणि डीएनए काढायची पद्धत ऑक्सिडेशनमुक्त असेल तर. फिनॉलने डीएनए काढताना ग्वानिनचं नवीन ऑक्सिडेशन होतं. युरोपातल्या लॅब्जनी याच कारणासाठी एस्कॉड नावाने एकत्र येऊन पद्धती ताडून पाहिल्या होत्या, तेव्हा लॅब बदलली की आकडे प्रचंड बदलतात हे उघड झालं.

गोठवलेल्या टिश्यूवर डीसीएफडीए चालेल का?

नाही. डीसीएफडीए हा जिवंत पेशींतले ऑक्सिडंट दाखवणारा रंग आहे.

पॅथॉलॉजीवाल्यांकडे फॉर्मॅलिनमधले पॅराफिन ब्लॉक पडून आहेत. त्यांचं काही होईल?

एन्झाइमची क्रिया आणि ग्लुटाथायोन विसरा. ४-एचएनई (चरबीच्या नुकसानीची खूण), नायट्रोटायरोसीन (प्रथिनांच्या नुकसानीची), ८-ओएचडीजी यांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने काप रंगवणं) मात्र होते, आणि ती एक गोष्ट दाखवते जी होमोजिनेट कधीच दाखवणार नाही: नुकसान कुठल्या पेशीत झालंय. मूत्रपिंडात ते नलिकांमध्ये आहे की ग्लोमेरुलसमध्ये, हे सगळं वाटून घेतल्यावर कळणार कसं?

प्रोटीन लोरीने की ब्रॅडफोर्डने?

बफरमध्ये काय आहे ते बघा. ट्रिस, ईडीटीए किंवा थायॉल असेल तर लोरी बिघडते. एसडीएस किंवा ट्रायटन असेल तर ब्रॅडफोर्ड. काहीही वापरा, बीएसएचं (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन) स्टँडर्ड त्याच बफरमध्ये बनवा आणि पूर्ण थीसिसभर पद्धत बदलू नका. ट्रीटमेंटने प्रथिनच घटत असेल, तर 'प्रति मिलिग्रॅम प्रोटीन'चा आकडा उगाच फुगतो. अशा वेळी प्रति ग्रॅम ओल्या वजनाचाही आकडा शेजारी द्या.

एसओडी वाढला तर स्ट्रेस वाढला की कमी झाला?

या प्रश्नावर व्हायवात सगळ्यात जास्त गाडी अडते. दोन्ही शक्य आहे. सौम्य, सावकाश ताणात पेशी जनुकं चालू करून एन्झाइम वाढवते. जोरदार ताणात एन्झाइम स्वतःच ऑक्सिडाइज होऊन निकामी होतं आणि क्रिया घटते. सातव्या दिवशी वाढ आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घट, असं एकाच प्रयोगात दिसू शकतं. त्यामुळे 'आमच्या अर्काने एसओडी वाढवला, म्हणून तो अँटिऑक्सिडंट आहे' हे वाक्य एकटं उभं राहत नाही. सोबत टीबार्स आणि कार्बोनिल खाली आले का? ग्लुटाथायोन सावरला का? फक्त अर्क दिलेल्या, ताण न दिलेल्या गटात काय झालं? तो गटच ठेवला नसेल, तर उत्तर देता येणार नाही. अर्कच हलकासा ताण देऊन एसओडी वाढवत असेल, हीही एक शक्यता असते आणि माझ्या मते ती आपल्याकडे फार कमी तपासली जाते.

नॉर्मल व्हॅल्यू कुठे मिळेल?

तुमच्या कंट्रोल गटात. रक्तातल्या साखरेसारखी ठरलेली मर्यादा इथे नसते.

प्रत्येक नमुना तीनदा वाचला, सहा प्राणी, मग एन (नमुनासंख्या) अठरा ना?

एन सहाच. तीन वाचनांची सरासरी म्हणजे एका प्राण्याचा एक आकडा. अठरा धरून काढलेला पी चांगला दिसतो, पण तो पिपेट किती नीट चालली याचा पुरावा असतो.

लाइट गेली किंवा पूर आला तर उणे ऐंशीच्या फ्रीजरचं काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. पावसाळ्याआधी नमुने तळमजल्यावरून वर न्या. लाइट गेली तर दार उघडून बघू नका. बंद आणि भरलेला फ्रीजर कित्येक तास थंडी धरून ठेवतो, रिकामा लवकर तापतो, तेव्हा मोकळ्या जागेत बर्फाच्या बाटल्या भरा. कोरड्या बर्फाचा पुरवठादार आधीच शोधून ठेवा. आणि नमुन्यांचे दोन वाटे करून एक वाटा दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजरमध्ये ठेवू द्या अशी विनंती करायला लाजू नका.

दिवाळीच्या सुट्टीत किंवा उत्तरायणाच्या लांब वीकेंडला तुमच्या माघारी काय झालं, ते कळायला एक स्वस्त युक्ती आहे. २३ टक्के मिठाचं द्रावण एका अरुंद नळीत अर्ध्यापर्यंत भरा, त्यात दोन थेंब मिथिलीन ब्लू. उभी गोठवा, मग उलटी करून रॅकमध्ये ठेवा. हे द्रावण उणे २१ अंशांच्या आसपास वितळतं. परत आल्यावर निळा गोळा झाकणाकडे उतरलेला दिसला, तर फ्रीजर मधे त्याहून गरम झाला होता, डिस्प्लेवर आता काहीही दिसो. त्या नमुन्यांवर ग्लुटाथायोन आणि टीबार्स करू नका. उणे वीसचा साधा फ्रीजर या दोन मार्करसाठी मुळातच पुरेसा नाही.

किट चांगली की हाताने केलेली पद्धत?

नमुने चाळीसच्या आत आणि मायक्रोप्लेट रीडर हाताशी असेल तर किट वेळ वाचवतं. त्याहून जास्त असतील तर हाताने करा, स्वस्त पडतं आणि काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधता येतं. किटमध्ये 'बफर ए'त काय आहे तेच माहीत नसतं. किट घेतलंच, तर एका प्रयोगाचे सगळे नमुने एकाच लॉटवर लावा.

उरलेली रसायनं आणि टिश्यू कुठे टाकायची?

टिश्यू आणि प्राण्यांचे अवशेष पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे. ब्यूटेनॉल-पिरिडिन ज्वलनशील सॉल्व्हंटच्या डब्यात. डायक्रोमेट वेगळं, झाकण घट्ट, वर नाव आणि तारीख. डीएनपीएच ओलंच साठवायचं, सुकलं की स्फोटक होतं. अझाइड कधीही सिंकमध्ये नाही: तांब्या-शिशाच्या पाइपात त्याची स्फोटक संयुगं साचतात, आणि आम्लात मिसळलं तर विषारी वायू सुटतो. ज्या पद्धतीत अझाइड घातलेल्या नळीत शेवटी टीसीए पडतं, ती फ्यूम हूडमध्येच करा, आणि त्या नळ्यांचा डबा आम्लाच्या कचऱ्याशेजारी ठेवू नका.